एकोणीस खाटांची बॅग

मी बॅग बोलतेय. फेस्टस लॅव्हेलची बॅग. खोगिराच्या जाड कातड्याची, एका पितळी बकलाची, खांद्याला अडकवायची. आता बकल नीट बसत नाही, तळाची शिवण उसवलीय आणि अंगाला धुराचा वास मारतो. स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खुर्चीवर पडून असते ना, म्हणून. मला लिहिता-वाचता येत नाही. जन्मभर कागद वाहिले, पण एक अक्षर कधी ओळखीचं झालं नाही. कानावर पडलं ते मात्र सगळं ध्यानात आहे. आणि आज बोलायला बसले त्यालाही कारण आहे. ते ओघात येईल.

माझा जन्म क्लूनाचा. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात, तळ्याकाठी एका रस्त्याचं गाव. तिथं ओनी टार्पी नावाचा म्हातारा घोड्यांची खोगिरं शिवायचा. ट्रॅक्टर आले, घोडे गेले, आणि ओनी टोचा हातात घेऊन दारात बसून राहिला. एक दिवस फेस्टसची थोरली बहीण अट्रॅक्टा त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"ओनी, आमचं गाढव संसदेत निवडून आलंय. सोमवारी डब्लिनला निघणार, आणि कागद न्यायला त्याच्यापाशी काय आहे, तर खताची रिकामी पिशवी! काहीतरी शीव बाबा, गावाची लाज राख."

"गाढव म्हणतेस तर खोगीरच शिवतो की," ओनी म्हणाला. "बॅग कशाला?"

अशी मी झाले. ओनीच्या हातची शेवटची वस्तू.

फेस्टस राजकारणातला माणूस नव्हताच. गुरांच्या बाजारात उभा राहून बोली पुकारायचा. तोंड असं चालायचं, की गाय कुठली आणि गिऱ्हाईक कोण हे कळायच्या आत सौदा तुटलेला असायचा. गावात एक लहानसं इस्पितळ होतं, एकोणीस खाटांचं. मोठी दुखणी तिथं नव्हतीच. आसपासच्या वस्त्यांवरची म्हातारी माणसं यायची, पडून राहायची, कोणी बरी होऊन घरी जायची, कोणी तिथंच डोळे मिटायची. खिडकीतून तळं दिसायचं. फेस्टसची आई तिथंच गेली, सात नंबरच्या खाटेवर, तळ्याकडं तोंड करून. अट्रॅक्टा त्याच इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. एकतीस वर्षं तिनं तिथं बटाटे सोलले. लग्न केलं नाही. भावाचं घर तिनंच सांभाळलं.

आरोग्य खात्याचं पत्र आलं, की खाटा बंद करायच्या. गावानं सभा भरवली. दोन्ही मोठ्या पक्षांचे खासदार आलेच नाहीत, दिलगिरीची चिठ्ठी तेवढी आली. तेव्हा मॅलाकी डर्कन उठला. मेंढ्या राखणारा, कधी चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस.

"ह्या फेस्टसला पाठवा," तो म्हणाला. "मेलेली गाय विकून दाखवतो हा. जित्या खाटा राखायला ह्याला काय जड आहे?"

लोक हसले, आणि हसता हसता त्यांनी त्याला निवडून दिलं. कुठल्याही पक्षाचा नाही, अपक्ष. मोजणीच्या नवव्या फेरीत, पहाटे. अट्रॅक्टा त्याला म्हणाली, "हे बघ, मी मरेन तेव्हा सात नंबरची खाट माझी. आत्ताच सांगून ठेवते. तेवढं कर, मग बाकी देश बुडाला तरी चालेल."

दर मंगळवारी आम्ही दोघं डब्लिनला निघायचो. साडेतीन तासांची वाट. मी पुढच्या सीटवर, पट्टा लावून. माझ्या पोटात चिठ्ठ्या. कोणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अडलेलं, कोणाच्या वस्तीवर शाळेची बस येईनाशी झालेली. आमच्याकडं ह्या चिठ्ठ्या कचेरीत कोणी देत नाही. दफनभूमीत देतात. माणूस पुरला, प्रार्थना झाली, की लोक हळूच खासदाराच्या बाजूला येतात, हात हातात घेतात, आणि हाताबरोबर चिठ्ठीही येते. खासदार मयताला गेला नाही तर पुढल्या निवडणुकीत त्याला कोणी विचारत नाही. पण फेस्टस मतांसाठी जायचा नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्याला न जाणं जमायचंच नाही.

संसदेत अपक्षाला विचारतो कोण? पक्षवाल्यांची भाषणं पंधरा पंधरा मिनिटं चालायची. अपक्षांना मिळून एक तुकडा, तोही आपसांत वाटून घ्यायचा. फेस्टसच्या वाट्याला अडीच मिनिटं. समोरचे बाक रिकामे, कोपऱ्यात एखादा उपमंत्री फोन चाळत बसलेला. पण आमचा माणूस बाजारातला! अडीच मिनिटांत दहा मिनिटांचं बोलून जायचा. शब्दन् शब्द उतरून घेणारी माणसं खाली बसलेली असतात, ती घाम पुसायची. आणि विषय काही असो, गाडी शेवटी एकाच ठाण्यावर यायची.

एकदा मासेमारीचं विधेयक होतं. अध्यक्ष वैतागून म्हणाले, "खासदार लॅव्हेल, हे विधेयक माशांबद्दल आहे, इस्पितळाबद्दल नाही."

"खरंय अध्यक्ष महाराज. पण मासा खाऊन पोट बिघडलं तर माझा माणूस जाणार कुठं? क्लूनात एकोणीस खाटा आहेत..."

"आल्या! खाटा आल्या!" पलीकडून हशा.

आणखी एकदा कुत्र्यांच्या पैदाशीचा कायदा होता. पिंजरा किती फुटी असावा, कुत्रीला किती जागा लागते, सगळं सरकारनं लिहून आणलेलं. फेस्टस उभा राहिला. "फार चांगला कायदा आहे," म्हणाला. "कुत्रीला किती जागा हवी ते लिहिलंत. आता एका कागदावर एवढंच लिहा, की मरणाऱ्या म्हातारीला किती जागा लागते." त्या दिवशी कोणी हसलं नाही. पण खात्याकडून आलेलं उत्तर होतं ते आधीच टाइप करून आणलेलं. उपमंत्र्यानं ते वाचलं आणि बसला.

तरी खाटा टिकल्या. एक वर्ष, दोन वर्षं, बारा वर्षं. दर वेळी खातं बंद करायला निघायचं आणि फेस्टस एवढी कटकट करायचा, की कंटाळून पुढल्या वर्षावर ढकलायचे. मला वाटायचं, असंच चालेल. दगडाला पाण्याच्या थेंबानं भोक पडतं म्हणतात, तसं.

मग बँका बुडाल्या. सरकारला कापायला काहीतरी हवंच होतं. छोटी इस्पितळं बंद करायची यादी निघाली, आणि तिच्यात क्लूना पहिलं. पण सरकारचंही बहुमत तेव्हा काठावर आलेलं. अपक्षांची ठराव मांडायची पाळी वर्षा-दीड वर्षानं एकदा येते. ती फेस्टसच्या हाती आली. "छोटी इस्पितळं बंद करू नयेत." मंगळवारी आणि बुधवारी चर्चा, बुधवारी संध्याकाळी साडेआठला मतदान. फेस्टसनं महिनाभर एकेका खासदाराला गाठलं होतं. सरकारी बाकावरचेही तीनजण कबूल झाले. आकडा जुळत होता. अगदी काठावर, पण जुळत होता.

मंगळवारी तो बोलला, तसा आयुष्यात कधी बोलला नव्हता. घाई नाही की बोली पुकारणं नाही. एकोणीस खाटांवर त्या दिवशी कोण कोण झोपलंय, एवढंच सांगितलं. नावं नाहीत, पण एकजण घड्याळं दुरुस्त करायचा, एकीनं अकरा पोरं वाढवली, असं. शेवटी म्हणाला, "अध्यक्ष महाराज, माझं झालं. आता उद्या हात वर करा, एवढंच."

बाहेर आला तर फोन. अट्रॅक्टाचा.

"मॅलाकी गेला रे."

"कधी?"

"रविवारी. तू शनिवारपासून तिकडं, मतं जमवायला. मीच कळवलं नाही, तुझं भाषण होतं. उद्या अकराला दफन. तू येऊ नकोस. मी जाते, फुलं ठेवते, तुझं नाव लिहिते."

"मॅलाकीला मी फुलं पाठवू? अगं, त्यानं मला उभा केला. आपल्या बापाच्या शवपेटीला त्यानं खांदा दिला."

"आणि मतदान?"

"अकराला दफन. साडेआठला मतदान. मधे दिवस आहे सगळा."

अट्रॅक्टानं फोन ठेवला. आणखी काही बोलली असती तरी त्यानं ऐकलं नसतं.

पक्षवाल्यांचं एक बरं असतं. इकडचा एक गैरहजर राहणार असेल तर तिकडचा एक मत देत नाही, जोडी लावतात. अपक्षाला जोडी कुठली? तो नसला की नसला.

बुधवारी अकराला आम्ही क्लूनाच्या दफनभूमीत उभे होतो. फेस्टसनं पेटीला खांदा दिला. मग सूप, सँडविच, चहा. मग चिठ्ठ्या. "फेस्टस, एक मिनिट." "फेस्टस, तुझ्या कानावर घालायचं होतं." दोन वाजले, तीन वाजले. अट्रॅक्टा लांबून मनगटावर बोट आपटून दाखवत होती. साडेचारला तिनं त्याला दंडाला धरून गाडीत बसवला. "नीट जा, पण जा," म्हणाली, आणि मला स्वतः पट्टा लावला.

वेळ होता. आठला पोचलो असतो.

अर्ध्या वाटेवर, परगण्याच्या वेशीपलीकडं, एका वळणावर अंधारात लाल दिवे दिसले. एकामागं एक, तीस-चाळीस गाड्या, बैलगाडीच्या चालीनं. सगळ्यांत पुढं शववाहिका. कोणाला तरी संध्याकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये नेत होते.

तुम्हांला वाटेल, बाजूनं काढायची गाडी आणि जायचं. रस्ता अरुंद होता, पण काढता आली असती. आमच्याकडं मयताला कोणी ओलांडत नाही. दारू प्यालेला ओलांडत नाही, अडलेली बाई घेऊन निघालेला ओलांडत नाही. फेस्टसनं वेग कमी केला आणि शेपटीला लागला.

फोन वाजला. "कुठं आहेस?"

"एका मयताच्या मागं."

मग अट्रॅक्टा म्हणाली, "कोणाचं?"

"माहीत नाही."

"मग काय करतोस. थांब."

दोन मैल. आणि मग शववाहिका एका घरासमोर उभी राहिली. घरासमोर थांबवतातच, गेलेल्या माणसाला घर एकदा शेवटचं दिसावं म्हणून. सगळे गाड्यांतून उतरले. फेस्टस एकटाच बसून कसा राहील? तोही उतरला, मला खांद्याला अडकवून. मी तरी म्हणेन, उतरायला नको होतं. पण मी बॅग. मला कोण विचारतो.

दिव्याच्या उजेडात एका बाईनं त्याला पाहिलं. काळे कपडे, नाक रडून लाल झालेलं. मेलेल्या म्हातारीची मुलगी, फिलोमिना.

"अगं बाई! क्लूनाचे फेस्टस लॅव्हेल ना तुम्ही? टीव्हीवर बघायची आई तुम्हांला. म्हणायची, हा एकच आपल्यासारख्यांचं बोलतो. तुम्ही आईसाठी एवढ्या लांबून आलात?"

तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. आता सांगा, कसं म्हणायचं, की बाई, मी तुझ्या आईला ओळखत नाही, मी रस्त्यात अडकलोय? फेस्टस म्हणाला, "तुमच्या दुःखात मी आहे." फिलोमिनानं हात सोडला नाही. जपमाळेची प्रार्थना सुरू झाली. हेल मेरी, हेल मेरी, दहा वेळा. त्याचे ओठ हलत होते आणि घाम कॉलरमधून माझ्या पट्ट्यावर उतरत होता. तिनं हात सोडला तेव्हा पाऊण तास गेला होता.

त्यापुढं गाडी कशी आणली, मला विचारू नका.

संसदेत मतदानाची घंटा होते, मग दारं लावून घेतात. दार लागलं की आतला आत, बाहेरचा बाहेर. आम्ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होतो. रखवालदारानं फेस्टसला पाहिलं, आणि त्याचाही हात कडीवर थबकला, मी पाहिलं. पण नियम तो नियम. कडी पडली.

आत दोन्ही बाजूंची मतं सारखी झाली. सारखी झाली की निर्णय अध्यक्षांचा, आणि अध्यक्ष रीतीप्रमाणं आहे तेच चालू द्या म्हणतात, म्हणजे सरकारचंच. ठराव पडला. आणखी एका मतानं तगला असता.

फेस्टस पायरीवर बसला. मला मांडीवर घेतलं. एकोणीस वेळा बकल उघडलं असेल आणि लावलं असेल.

शरद संपायच्या आत खाटा गेल्या. लॉरी आली, लोखंडी खाटा उचलून नेल्या. गावानं फेस्टसला नावं ठेवली नाहीत. ठेवली असती तर बरं झालं असतं. "मॅलाकीच्या मयताला आला होता," एवढंच म्हणायचे, आणि विषय बदलायचे. वाटेतल्या दुसऱ्या मयताचं कोणाला माहीतच नव्हतं. अट्रॅक्टा सोडून.

पुढल्या फेब्रुवारीत अट्रॅक्टा स्वयंपाकघरात कोसळली. अर्धं अंग गेलं. तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं, पन्नास मैलांवर. खाट रिकामी नव्हती. ढकलगाडीवरच ठेवली, बोळात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत. डोक्यावर सतत दिवा. तीन दिवस. फेस्टस प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मी त्याच्या पायाशी.

"मी ओलांडून गेलो असतो, तर..." तो म्हणाला.

"तर घरात घेतला नसता तुला," अट्रॅक्टा म्हणाली. शब्द एका गालातून येत होते, पण जीभ तीच होती. "गाढवा, माझी उशी सरळ कर."

उशी नव्हती. त्यानं मला उचललं, वर स्वतःची बंडी गुंडाळली आणि तिच्या मानेखाली ठेवलं. माझ्यावर डोकं ठेवून ती गेली. भिंतीकडं तोंड करून. तिथं खिडकी नव्हती.

तिच्या मयताला सगळा परगणा लोटला. फेस्टसचा हात हातात घ्यायला तीन तास रांग. एकानंही चिठ्ठी दिली नाही. क्लूनाकडं जाताना मागून एक गाडी आली आणि सुसाट वेगानं शववाहिकेला ओलांडून पुढं गेली. लोकांनी शिव्या घातल्या. "अरे, आई-बाप आहेत की नाहीत ह्याला!" फेस्टस खिडकीतून बघत राहिला.

"असू दे," म्हणाला. "कुठं तरी मत द्यायला पोचायचं असेल बिचाऱ्याला."

त्यानंतर तो आणखी दोन वर्षं खासदार होता. पुन्हा मासेमारीवरच चर्चा निघाली. फेस्टस उभा राहिला, माशांबद्दल बोलला, आणि बसला. पलीकडचे लोक वाट बघत होते, आता खाटा येतील म्हणून. पूर्वी हसणारे तेच. कोणी खोकललंसुद्धा नाही. अध्यक्ष हळूच म्हणाले, "खासदार लॅव्हेल, आपलं अजून एक मिनिट शिल्लक आहे."

"राहू द्या, अध्यक्ष महाराज."

पुढची निवडणूक त्यानं लढवली नाही. मला ह्या खुर्चीवर ठेवलं, ती मी अजून इथंच आहे. तो आता ऐंशीचा झाला. मयतांना जात नाही. कोणी गेलं की खिडकीशी उभा राहतो, गाड्या दिसेनाशा होईपर्यंत.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. साइव्ह नावाची, विद्यापीठातली. गावाकडचे अपक्ष संसदेत काय काय बोलले, त्यावर ती पुस्तक लिहितेय. फेस्टसचं प्रत्येक भाषण तिनं वाचलेलं. ज्यांच्यावर लोक हसले, ती तिला तोंडपाठ. कुत्रीच्या पिंजऱ्याचं म्हणून दाखवलं तिनं, तेव्हा फेस्टसनं नाक शिंकरलं.

"एकच कळत नाही मला," ती म्हणाली. "एवढी वर्षं खाटांवर बोललात. ठरावही तुमचा. पण मत दिलेल्यांच्या यादीत तुमचं नाव इकडंही नाही, तिकडंही नाही. काही लोक म्हणतात, तुम्ही सरकारशी आतून हात मिळवले होते. मला ते खरं वाटत नाही, पण छापायचं तर कारण हवं. कुठं होतात त्या दिवशी?"

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. चुलीवरच्या फळीवर फिलोमिनाचं नाताळचं कार्ड ठेवलेलं होतं. दर वर्षी येतं. त्यानं ते कितीदा मोठ्यानं वाचलंय, म्हणून मला ठाऊक आहे. "आईच्या मयताला तुम्ही आलात, हे आमच्या घरात कोणी विसरणार नाही."

फेस्टसनं कार्डाकडं पाहिलं. मग म्हणाला, "आजारी होतो, पोरी. पोट बिघडलं होतं."

साइव्हनं लिहून घेतलं. तोंड जरा पडलं तिचं. एवढ्याशासाठी एकोणीस खाटा गेल्या, असं वाटलं असणार. चहा पिऊन ती गेली.

आता तेच छापून येणार. ज्या माणसानं आयुष्यात एक मयत चुकवलं नाही, तो आपल्या ठरावाच्या दिवशी पोटदुखीनं घरी बसला होता. मला ते सोसवेना. पण त्याचंही बरोबर आहे. खरं छापलं आणि फिलोमिनाच्या हाती पडलं, तर तिच्या आईचं मयत तिला पुन्हा कधी शांतपणे आठवेल का?

म्हणून तुमच्यापाशी बोलले. तुम्ही फार लांबचे. तिच्या दारावरून तुमच्यातलं कोणी जाणार नाही. तुम्हांला कळलं, माझं ओझं उतरलं. आता माझं एवढंच ऐका. पुढंमागं कोणी विचारलंच, की त्या बुधवारी फेस्टस लॅव्हेल कुठं होता, तर तुम्हीही सांगा, आजारी होता.